वाई ते मेणवली संथ शिवारफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईच्या ढोल्या गणपतीपासून मेणवलीच्या घाटापर्यंत सावकाश चालत जायची आमची फेरी हिवाळ्यात निघते. फोनवर, निरोपांतून आणि फेरीच्या सकाळी चहा पितानाही तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. आधी साधे प्रश्न आहेत, आजार-अडचणींचे पुढे. ज्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलंय तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा ट्रेक आहे का? गड वगैरे चढायचा आहे का?

नाही. चढ जवळपास नाहीच. थोडा डांबरी रस्ता, बाकी शेतांमधली पाणंद आणि नदीकाठ. शेवटी मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या येतात, त्या उतरायच्या की वर बसून नदी बघायची हे ज्यानं त्यानं ठरवायचं. चालायला आवडतं, पण ग्रुपमागे पळता पळता चालण्यातली मजाच जाते, अशा माणसांसाठी ही फेरी आहे. साठी-सत्तरीतले जास्त येतात. पण पायाच्या फ्रॅक्चरमधून उठलेली, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, वजनामुळे लवकर दम लागणारी तरुण मंडळीही येतात.

२. संथ म्हणजे नक्की किती संथ? सगळेच 'आरामात जाऊ' म्हणतात आणि मग सुटतात.

थांबे धरून तासाला सुमारे दोन किलोमीटर. ट्रेकचा वेळ काढताना बरेच जण नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशेब धरतात: सपाटीला तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब आहे. 'सोपी वाट, तासाभरात पोचू' असं कुणी म्हटलं की मनात हाच वेग असतो. आम्ही सुरुवातीलाच त्याच्या निम्म्याहून कमी वेग धरून वेळ काढतो, त्यामुळे वाटेत घाई करायची वेळ येत नाही.

घड्याळापेक्षा सोपी खूण म्हणजे बोलणं. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झालाय. पुढं चालणाऱ्या लीडनं ही खूण स्वतःवर नाही, शेवटच्या माणसावर लावायची असते.

३. वाट कुठून कुठे जाते? एकूण किती चालायचं?

सकाळी सातला गणपती घाटावर जमायचं, साडेसातच्या आत निघायचं. गाव मागं पडलं की शेतं लागतात, डावीकडे अधूनमधून कृष्णा दिसते, उजव्या अंगाला डोंगरात पांडवगड. मेणवली साधारण तीन किलोमीटरवर आहे. नऊ-सव्वानऊला पोचतो, तिथं तासभर थांबतो. परतायचे दोन पर्याय असतात: पुन्हा चालत, म्हणजे एकूण सहा-सात किलोमीटर, किंवा रिक्षानं. निम्म्याहून जास्त मंडळी रिक्षानंच येतात आणि त्यात काही कमी झालं असं कुणी मानत नाही.

४. मी नेहमी सगळ्यांत मागं पडते. माझ्यामुळे लोकांना ताटकळावं लागतं, त्याचंच दडपण येतं. येऊ का?

अवश्य या. ही फेरी सुरू झाली ती याच प्रश्नावरून, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेक ग्रुपमध्ये असं होतं: पुढचे भराभर जातात, झाडाखाली बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी शेवटची बाई घामाघूम होऊन पोचते. ती दिसली रे दिसली की कुणीतरी म्हणतं, "आल्या मावशी, चला निघू या." म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली आणि जिला होती तिला शून्य. दुसऱ्या थांब्याला तेच, तिसऱ्याला तेच. दिवसाच्या शेवटी ती बाई सगळ्यांत जास्त थकलेली असते, आणि तिला वाटतं दोष आपल्या पायांचा. दोष थांबे मोजण्याच्या पद्धतीचा असतो.

म्हणून आमचा नियम असा: थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होते. पोचल्यावर नाही, बसल्यावर. त्यानंतर पूर्ण दहा मिनिटं. उठायचं कधी हेही शेवटी आलेल्यालाच विचारायचं. दुसरा नियम, लीडच्या मागोमाग सगळ्यांत सावकाश चालणाऱ्यांनी चालायचं आणि पाय भरभर उचलणाऱ्यांनी मागं राहायचं. यामुळे 'मागं पडणं' हा प्रकारच उरत नाही. शेवटी बॅक लीड असतो. तो कुणालाही 'चला, चला' म्हणत नाही, हे त्याला आधीच सांगितलेलं असतं.

५. माझा मुलगा सोबत येतोय, तो भरभर चालतो. तो पुढं जाऊन थांबला तर चालेल का?

चालणार नाही. एक पुढं गेला की त्याच्यामागं दोघं वेग वाढवतात, आणि पाहता पाहता प्रश्न ४ मधलं चित्र तयार होतं. त्याला मागच्या टोकाला चालू द्या, कुणाची तरी सॅक घेऊ द्या. अगदीच राहवत नसेल तर त्यानं भल्या पहाटे पांडवगड करून यावा आणि मेणवलीला आम्हाला भेटावं.

६. आधी किती चालायची सवय हवी?

घराजवळ अर्धा तास, मध्ये एकदा बसून, चालता येत असेल तर पुरे. त्याहून कमी जमत असेल तर तीन-चार आठवडे रोज थोडं थोडं वाढवा: आज जेवढं जमतं त्यात आठवड्याला पाच मिनिटं. बागेतल्या फरशीवर चालणं आणि पाणंदीच्या ढेकळांवर चालणं वेगळं, म्हणून एक-दोनदा मातीच्या वाटेवरही चालून बघा. घोटे आणि पोटऱ्या वेगळ्या तऱ्हेनं दुखतात, ते आधी कळलेलं बरं.

७. पुण्याहून वाईला कसं यायचं? एसटीत सवलत मिळते का?

स्वारगेटहून वाई किंवा महाबळेश्वरची एसटी. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. हायवे सोडून सुरूर फाट्याला वळलं की दोन्ही बाजूंना जुने वड लागतात, जागे राहून बघण्यासारखे.

सवलती अशा: ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या स्त्रियांना अर्धं तिकीट. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा.

सातला घाटावर पोचायचं तर पुण्याहून पहाटे साडेचारच्या आत निघावं लागतं. झोपमोड करून आलेलं शरीर चालायला कुरकुरतं. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी वाईत मुक्काम करा. संध्याकाळी घाटावर बसायला मिळतं तो वेगळाच फायदा.

८. बूट लागतात का? साडी नेसून चाललं तर चालेल?

साडी चालेल, जरा आखूड नेसा. ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत. रोजच्या पायात बसलेले, तळव्याला नक्षी असलेले स्पोर्ट्स शूज किंवा पट्ट्याचे सँडल पुरतात. दोनच गोष्टी नकोत: नवे कोरे बूट आणि स्लीपर. सुती मोज्यांचा एक जादा जोड ठेवा. पहाटे गवतावर भरपूर दव असतं, बूट ओले होतात आणि ओल्या मोज्यात पाय सोलतो. डिसेंबर-जानेवारीत वाईची सकाळ चांगलीच गार असते, पण नवाला स्वेटर अंगात नकोसा होतो. म्हणून एका जाड स्वेटरऐवजी काढता-घालता येतील असे दोन पातळ थर घाला. वरचा कपडा भडक रंगाचा असू द्या, त्याचं कारण प्रश्न १६ मध्ये.

९. काठी घेतली तर लोक म्हातारे समजतील. खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि आमच्यात निम्म्या लोकांच्या हातात काठी असते. दोन गोष्टी मात्र बहुतेक जण चुकवतात. एक, उंची: सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. दोन, हात: डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात धरायची. दुखऱ्या पायाबरोबर विरुद्ध बाजूच्या हातातली काठी पुढं टाकायची, म्हणजे भार वाटला जातो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की अंग तिकडं कलतं आणि त्याच गुडघ्यावर जास्त भार पडतो. काठीच्या टोकाला रबर हवं, घाटाच्या दगडावर नुसती लाकडी काठी सरकते.

१०. खायला-प्यायला काय आणायचं? नाश्ता मिळतो का?

निघण्यापूर्वी चहा आणि काहीतरी पोटात हवंच, चहा-बिस्किटावर भागवू नका. डबा आपापला. मेणवलीत घाटाजवळ बसून तो खायचा. थालीपीठ, धपाटे, दशम्या, भाकरी-पिठलं, गूळ-शेंगदाणे असं कोरडं आणा. आमटी-रस्सा सॅकमध्ये सांडतो. पाणी माणशी किमान एक लिटर.

उन्हात खूप घाम आला, पायात गोळे आले तर नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठही लागतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा धरून). मीठ अंदाजानं टाकू नका. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे पाणी घ्यायचं की नाही ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

११. वाटेत टॉयलेट आहे का? याच भीतीनं मी कुठं जात नाही.

हा प्रश्न बायका फोनवर आवाज खाली करून विचारतात. तसं करायचं कारण नाही, वयानुसार आणि बाळंतपणांनंतर ही अडचण कितीतरी जणींना असते, प्रोस्टेटमुळे पुरुषांनाही.

वाटेवर सार्वजनिक स्वच्छतागृह नाही. वाईत निघण्यापूर्वी सोय आहे आणि मेणवलीत ओळखीच्या घरी आम्ही आधी विचारून ठेवतो. मधल्या वाटेत आडोसा शोधावा लागतो. दोघींनी जायचं, एकीनं ओढणी किंवा चादर धरायची, बॅक लीड तोवर पाठ करून थांबतो. नदीकाठ, विहिरीची जागा आणि उभं पीक सोडून. कागद, पॅड काहीही मागं टाकायचं नाही, पिशवीत घालून परत न्यायचं. या भीतीनं पाणी कमी पिणं मात्र चुकीचं आहे, त्यानं चक्कर येते आणि जळजळही वाढते. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून चुकवू नका.

१२. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घाटाच्या पायऱ्या जमतील का?

वाट जमते, पायऱ्यांचं जपून ठरवा. डॉक्टरांनी असमान जमिनीवर चालायची मुभा दिलेली असणं ही पहिली अट.

मेणवलीच्या पायऱ्या दगडी आहेत आणि त्यांना कठडा नाही. नदीलगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथं कुणीच जायचं नाही. उतरायची पद्धत अशी: थोडं तिरकं उभं राहा, काठी खालच्या पायरीवर टेका, मग दुखरा पाय खाली ठेवा, मग चांगला पाय त्याच पायरीवर आणा. दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. चढताना उलट, चांगला पाय आधी. 'चढताना चांगला, उतरताना दुखरा' एवढं लक्षात ठेवलं की झालं. सोबत्यानं उतरताना एक पायरी खाली आणि चढतानाही एक पायरी खालीच राहायचं. हात धरून ओढायचं नाही, कोपराला आधार द्यायचा.

१३. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. काय काळजी घ्यायची?

चालण्यानं साखर उतरते आणि ती चालून झाल्यावर काही तासांनीही उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. त्या दिवशीचा डोस किती हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. चालायच्या आधी मांडीत इन्सुलिन घेतलं तर ते लवकर शोषलं जातं, म्हणून पोटात घेणं बरं. ग्लुकोमीटर असेल तर आणा.

थरथर, घाम, डोकं हलकं होणं, उगीच चिडचिड, बोलताना अडखळणं, असं काही झालं की लगेच बसा आणि तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी तपासा. साखर अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्या. बरं वाटल्यावर डबा खा. साखरेची पुडी सॅकच्या तळाशी नाही, खिशात ठेवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

पायांची संवेदना कमी झाली असेल तर मेणवलीला पोचल्यावर बूट-मोजे काढून तळवे बघा, वाकता येत नसेल तर सोबतिणीला बघायला सांगा. खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. हाच नियम घाटावर अनवाणी न फिरण्याबद्दलही. देवळात जाताना मोजे ठेवले तर कुणी काही म्हणत नाही.

१४. बीपी आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे. घड्याळात नाडी बघत चालू का?

नाडी कमी करणाऱ्या गोळ्या (मेटोप्रोलॉलच्या जातीच्या) चालू असतील तर दम लागला तरी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका. प्रश्न २ मधली बोलण्याची खूण जास्त भरवशाची. डॉक्टरांची परवानगी हवी आणि औषधांची यादी खिशात हवी. छातीत दाटल्यासारखं होणं, जबड्यात किंवा हातात कळ, अकारण घाम, यातलं काहीही झालं तर 'थोडं बसलं की बरं वाटेल' असं मनात न ठेवता लगेच सांगा. गप्प राहण्यात वेळ जातो. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका येण्याजोग्या रस्त्यापर्यंत आपण नेतो. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिली असेल तरच, दुसऱ्याची घ्यायची नाही.

१५. अर्ध्या वाटेत चालवेनासं झालं तर?

थांबायचं आणि सांगायचं. डांबरी रस्ता पाणंदीपासून फार लांब कुठंच नाही आणि ओळखीचा रिक्षावाला सकाळपासून तयार असतो. एक जण तुमच्यासोबत परत येतो किंवा रिक्षानं पुढं मेणवलीला येतो. बरेच जण दुसरा मार्ग घेतात, म्हणजे घाटही बघून होतो. सगळ्या ग्रुपला परत फिरावं लागत नाही, तेव्हा संकोच नको.

१६. रस्त्यावर वाहनांची भीती वाटते. कसं चालता?

उजव्या बाजूनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एका रांगेत. गप्पा मारायला पाणंदीत भरपूर वाव आहे, डांबरी रस्त्यावर दोघी-दोघी नको. भडक कपडा धुक्यातही लांबून दिसतो.

हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली ट्रॉली गेली की माणूस पाऊल टाकतो, आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत घसटते. ट्रॅक्टरचा आवाज आला की साइडपट्टीच्याही बाहेर उतरायचं, उभं राहायचं आणि शेवटची ट्रॉली पूर्ण गेल्याशिवाय हलायचं नाही. लोंबणाऱ्या उसाची कांडीसुद्धा चांगला फटका देते.

ऐकू कमी येणाऱ्यांनी आधी सांगावं, रस्त्याच्या टप्प्यात त्यांच्यासोबत एक जण चालतो. कानात इअरफोन घालून कुणीही चालायचं नाही.

१७. कुत्री, साप, मधमाश्या?

वस्तीवरची कुत्री भुंकतात ती हद्द राखायला. काठी उगारू नका, पळू नका, नजर न भिडवता सावकाश पुढं चला, ती हद्दीपर्यंत येऊन थांबतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही.

थंडीच्या सकाळी साप सहसा दिसत नाहीत, पण उसाच्या सरीत आणि बांधाच्या दगडांत हात-पाय घालू नका. दंश झाला तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही. ज्या अवयवाला दंश झाला तो न हलवता माणसाला आडवं करायचं आणि १०८. सापाचा पाठलाग करत बसायचं नाही.

खरी सावधगिरी आग्या मोहोळाची. मोठ्या झाडांवर आणि जुन्या बांधकामांच्या कमानींत ती असतात. अत्तर, उग्र वासाचं तेल टाळा, खाली विडी-सिगारेट पेटवू नका, मोठा आवाज करू नका. माश्या उठल्या तर तोंड-डोकं कापडानं झाकून आडोशाकडं निघून जायचं. नदीत उडी मारायची नाही.

१८. शेतातला हरभरा, ऊस तोडून खाल्ला तर चालतो ना? शेतकरी काही म्हणत नाहीत.

न विचारता काहीही तोडायचं नाही. तीसेक माणसांनी एकेक डहाळा उपटला तर बांधालगतची ओळ रिकामी होते. विचारलं तर बहुतेक वेळा शेतकरी स्वतः हातात देतात. विकत घेतलं तर उत्तम.

विचारून एक गोष्ट मात्र जरूर करा: पहाटेच्या दवात हरभऱ्याच्या पानांवरून हळूच बोट फिरवा आणि चाखा. आंबट-खारट लागतं. ती आंब. जुन्या बायका पहाटे पिकावर पातळ फडकं अंथरून ती टिपून घेत आणि पोटदुखीसाठी ठेवत. ऊन चढलं की हा प्रकार संपतो, म्हणून हे सकाळी आठच्या आतलं काम. जानेवारीनंतर हळदीची काढणी सुरू होते. पिवळी पडलेली पानं कापलेली असतात, कुठं गड्डे निघत असतात, कुठं काहिलीत हळद शिजत असते. तो वास पाणंदीत लांबून येतो आणि आमचा थांबा आपोआप वाढतो. भरभर गेलं तर यातलं काहीच दिसत नाही.

पाणंदीत बैलगाडी किंवा शेळ्या समोरून आल्या तर वाट आपण सोडायची. फोटो काढण्याआधी माणसांना विचारायचं, विशेषतः कामावरच्या बायकांना.

१९. एवढं चालून बघायचं काय?

निघायच्या जागेपासूनच सुरुवात करा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती सगळे बघतात, देवळाची मागची भिंत बघायची राहते. ती माशासारखी निमुळती केलेली आहे, कृष्णेला पूर आला की पाणी तिथं दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. मागं फिरून हात लावून बघा.

मेणवली हे नाना फडणवीसांचं गाव. घाट, मेणवलेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ, आणि सहा चौकांचा वाडा. वाडा खासगी मालकीचा आहे. उघडा असेल आणि आत जायची परवानगी मिळाली तरच जातो, तेही चार-पाचच्या गटानं, कारण आतले उंबरे उंच आणि जिने अरुंद आहेत. ज्यांना जिने नकोत त्यांनी खालचे चौक बघावेत.

आणि घाटावरची घंटा. छोट्याशा देवळीत एवढी मोठी पंचधातूची घंटा बघून माणूस थबकतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटा त्यांतलीच, आणि ही मेणवलीची. जवळ जाऊन नीट बघा: बाळाला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हा आकडा. गुडघे साथ देत असतील तर जरा वाकून, नाहीतर शेजारच्या कट्ट्यावर बसून. कृपया टोले देत बसू नका.

२०. कोणत्या महिन्यात येऊ? पावसाळ्यात फेरी का नसते?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचं ऊन बाधतं आणि मार्चपासून दहाच्या पुढं चालवत नाही. हिवाळ्याच्या शेवटाला वाईच्या घाटाघाटांवर पाळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव असतो, तेव्हा गावात गर्दी असते, पण ती बघायला यावं अशीच आहे. रंगपंचमीला जवळच्या बावधनचं बगाड असतं, तेव्हा आमच्या फेऱ्या संपलेल्या असतात. रस्ते माणसांनी भरलेले असतात.

पावसाळ्यात पाणंदीत चिखल गुडघ्यापर्यंत जातो, घाट निसरडा होतो आणि धोम धरणातून पाणी सोडलं की नदी अचानक वाढते. सावकाश चालणाऱ्याला पटकन मागं सरता येत नाही, म्हणून तेव्हा नाही. हिवाळ्यातसुद्धा नदीत उतरायचं नाही.

२१. व्हीलचेअर, नातवंडं, पाळीव कुत्रा?

पाणंदीत व्हीलचेअर अडते. अशा पाहुण्यांना आम्ही गाडीनं थेट मेणवलीला नेतो, वर सपाटीवर बसून नदी दिसते आणि डबा सगळ्यांबरोबर होतो. त्याच दिवशी गाडीनं पुढं धोमला जायचा बेतही जमतो. तिथल्या देवळासमोर पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. कुंड भरलेलं असलं की कासव पोहतंय असं वाटतं.

दिसायला कमी असलेल्यांनी सोबत्याच्या कोपराला धरून चालावं, सोबत्यानं अर्धं पाऊल पुढं राहून वाट सांगत जावं. नातवंडं सहाच्या पुढची आणा, त्यांची जबाबदारी घरच्यांची. घाटावर हात सुटता कामा नये. कुत्रा घरी ठेवा, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या बिथरतात.

२२. फी किती?

काही नाही. रिक्षा, वाड्याचं काही शुल्क असेल तर ते, आणि चहा हे आपापलं. नाव आधी कळवा आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर द्या, एवढंच.

२३. आमच्या गावात अशी फेरी सुरू करायची आहे. कुठून सुरुवात करावी?

आधी वाट शोधा, मग माणसं. चार किलोमीटरच्या आतली सपाट वाट, दर अर्ध्या तासाला बसायला सावली आणि टेकायला काहीतरी: पार, कट्टा, पुलाचा कठडा. जमिनीवर बसून उठणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही उंचीची बैठक पाण्याइतकीच गरजेची आहे. जवळून रिक्षा जाईल असा रस्ता हवा आणि मोबाइलला रेंज. ही वाट ओळखीतल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसासोबत एकदा चालून बघा. त्यांना लागेल तो वेळ म्हणजे तुमच्या फेरीचा वेळ.

पहिल्यांदा आठ-दहा जणच घ्या. लीड एक, बॅक लीड दोन, कारण एकाला कुणासोबत रिक्षानं जावं लागलं तर मागं दुसरा हवा. बॅक लीड निवडताना तब्येतीपेक्षा स्वभाव बघा. ज्याला बांधावर बसून टिटवी बघत वीस मिनिटं काढता येतात तो या कामाचा. ज्यांच्या शेतातून वाट जाते त्यांना आदल्या दिवशी जाऊन भेटा, फोनवर उरकू नका. आणि वाडीत कुणाच्या घरी बायकांना आत जाता येईल हे त्याच भेटीत ठरवून या.